गेणूच्या आईचं मत

जयवंता लग्न होऊन लिंबाच्या वाडीत आली त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत तिला तिच्या नावाने हाक मारणारा एकही पुरुष वाडीत निपजला नव्हता. सासरे होते तोवर ती सूनबाई होती. धाकट्या दिराची वयनी होती. गावाला ती आधी दत्तोबाची मंडळी होती आणि पाळणा हलल्यावर गेणूची आई झाली. गेणू आता वीस वर्षांचा बाप्या होऊन दौंडला रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढत होता, तरी तिची ओळख तीच. नवऱ्याचं तर विचारूच नका. दत्तोबाने सगळा संसार 'अगं' या एका शब्दावर रेटला होता. 'अगं' लांबवला की चहा हवा असायचा, तोडून टाकला की भांडण असायचं, आणि लागोपाठ दोनदा आला की दारात पाहुणे उभे असायचे.

याबद्दल जयवंताची काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर ते तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आलं ते छत्तीस सालच्या उन्हाळ्यात, आणि तेही दत्तोबाच्याच तोंडामुळे.

दुपारी तो चावडीवरून जेवायला आला तो हसतच आला. "तलाठी कागद वाचत हुता," तो म्हणाला. "इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक हाय म्हनं पुढल्या साली. जिला लिवता-वाचता येतंय त्या बाईला बी मत! आता बायका जाऊन सरकार नेमनार!" भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला.

जयवंताने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "अर्ज कुठं द्यायचा?"

ठसका जागच्या जागी थांबला.

जयवंताला वाचता येत होतं. माहेरी, भीमेकाठच्या पळसदेवात, देवळाच्या ओवरीत शाळा भरायची. धाकट्या भावाला पोचवायला ती रोज जायची, आणि तो भोकाड पसरतो म्हणून खांबाआड बसून राहायची. भावाच्या डोक्यात काही शिरलं नाही, हिच्या डोक्यात सगळी बाराखडी शिरली. भावाला अजून पोस्टकार्ड वाचताना घाम फुटायचा.

तर तिने अर्ज द्यायचं ठरवलं. पण एकटीने जाणं तिला बरं वाटेना, म्हणून तिने आणखी दोघींना ओढलं. एक शेजारची छबूबाई. ही वांगी-मिरची लावायची आणि बाजारात बसून विकायची, त्यामुळे तिच्या आवाजाला भिंतींची अडचण नव्हती. दुसरी भामाबाई. ही इतकी गरीब की तिच्या कोंबड्यासुद्धा तिला जुमानत नसत. घरात पाटी घेऊन बसलं तर सासवा-नणंदांनी जीव घेतला असता, म्हणून शाळा भरली कालव्याच्या पायऱ्यांवर, धुणं आपटता आपटता. पाटी म्हणजे काळा दगड, पेन्सिल म्हणजे ओलं बोट. दगड तापला की 'बाई' लिहून होईतो 'छबू' वाळून उडून जाई, आणि छबूबाई बोंब मारी, "बया बया, मी निम्मी ऱ्हायले!"

शिकवायचं काय, तर आधी आपापलं नाव. आणि तिथे मोठी गंमत झाली. पंधरा पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या या बायकांना एकमेकींची नावं विचारावी लागली. एकदा ती कळल्यावर मात्र त्यांना चटकच लागली. कालव्यावर कुणी नसलं की "जयवंते, साबण दे", "भामे, चूळबूळ नको" असं मोकळेपणी चालायचं. वाटेवर एखादं मुंडासं दिसलं की लगेच जी ती आपल्या पोराची आई व्हायची.

चौथी म्हातारी सरुबाई. सत्तरीची, विधवा. तिला अक्षरांची गरज नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा भिमा पलटणीत होता, तो मागच्या महायुद्धात बसऱ्याकडे मारला गेला. त्याची पेन्शन ती खात होती, आणि नव्या नियमात अशा आयांनाही मत होतं. पण एकटीने घरात काय करायचं म्हणून तीही पायऱ्यांवर येऊन बसायची आणि दुसऱ्यांच्या चुका मोठ्या आवडीने काढायची.

पावसाळ्यानंतर कारकून आला. त्याने तिघींकडून एकेक ओळ वाचून घेतली, नाव लिहून घेतलं आणि तोंड वाकडं करून का होईना, अर्ज मंजूर केले. थंडीत चावडीच्या भिंतीला यादी लागली. जयवंता कडेवर घागर घेऊन ती बघायला गेली. पुरुषांच्या नावांच्या दाटीत खाली लिहिलं होतं, 'जयवंता भ्रतार दत्तोबा'. तिने ते तीनदा वाचलं. मग तिला असं भरून आलं की घागर खाली ठेवावी लागली. बावीस वर्षांत हे नाव दुसऱ्या कुणी लिहिलं नव्हतं. गेणू झाला नसता, दत्तोबाशी लग्न झालं नसतं, तरी ती कुणीतरी होतीच, हे त्या कागदावर शाईने लिहिलेलं होतं. घरी जाताना ती रस्ताभर हसत होती, आणि समोरून येणाऱ्या शेजारच्या येसबा तात्याला वाटलं की दत्तोबाच्या मंडळीला काहीतरी लागीर झालं.

आता उमेदवारांचं सांगतो. एक होते बारामतीकडचे मोठे बागायतदार. दुसरे इंदापूरचे वकील. बागायतदारांची माणसं वाडीत आली ती दत्तोबाशी बोलून गेली. वकील स्वतः आले, बाजेवर बसले, चहा प्याले, मुलींची शाळा काढू म्हणाले, कुणाला वेठीला धरू देणार नाही म्हणाले, आणि चुलीपाशी बसलेल्या जयवंताकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं काय मत, बाई?" झालं, तिचं मत तिथेच ठरलं.

दत्तोबाचंही ठरलेलं होतं. तो पंचक्रोशीत नावाजलेला गुळव्या होता. गुऱ्हाळाच्या चुलवाणावरच्या काहिलीतला उकळता रस नेमका कधी उतरवायचा हे बोट बुडवून सांगणारा. बागायतदारांच्या गुऱ्हाळावर त्याचा दर हंगामी मान असे. ज्याचा गूळ खातो त्यालाच मत, इतका त्याचा साधा हिशेब. जयवंताचं मत कुणाला आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण ते तिने लपवलंच नव्हतं.

मतदान फेब्रुवारीत, ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत आलं. मतदानाची जागा दोन कोसांवरच्या लासुर्ण्याच्या शाळेत. दत्तोबाने सकाळीच गाडी जुंपली. पुढे तो आणि दीर अप्पा, मागे चौघी बायका. कालव्याच्या कडेने उसाचं वाढं हलत होतं आणि वाटेतल्या दर गुऱ्हाळाचा वास नाकात शिरत होता.

"अगं," दत्तोबा बैलांकडे बघत म्हणाला, "माझं मत बागायतदाराला, तुझं वकिलाला. दोनी फिटंफिट. मग ह्या मुक्या जनावरांनी दोन कोस तंगडतोड कशापायी करायची? त्यापक्षा दोघं घरीच बसलो तर?"

"बसा की तुमी," जयवंता म्हणाली. "उतरा हितंच. अप्पा भावजी हाकतील गाडी."

मागे छबूबाई एवढ्याने हसली की बैल दचकून चार पावलं पळाले. दत्तोबाही मिशीत हसला आणि त्याने तो विषय सोडला.

शाळेसमोर जत्रेसारखी गर्दी होती. पुरुषांची रांग एकीकडे, बायकांसाठी ओटा. आणि आत, मतदानाच्या टेबलाशेजारी, बागायतदारांचा माणूस म्हणून रावजी बसला होता. वाडीतलाच हा. कुणाच्या बांधाची कुठली खूण सरकली, कुणाच्या सोयरिकीत काय खोट निघाली, सगळं याला पाठ. रावजीने आदल्या दिवशीच बोटांवर मोजून पाहिलं होतं. वाडीतल्या बायकांची मतं चार, आणि चारीच्या चारी वकिलाला जाणार. ती कशी अडवायची याचाही विचार त्याने करून ठेवला होता.

दत्तोबा आणि अप्पा पुरुषांच्या रांगेतून आत गेले, अंगठे उठवून आणि मत टाकून आले. थोड्या वेळाने दारातला शिपाई यादीत डोकावून ओरडला, "दत्तोबाची बायको!"

जयवंता पदर सावरून आत गेली. टेबलामागचे साहेब म्हणजे बारामतीहून नेमून आलेले एक हेडमास्तर. काळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. हातात एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला तांबडी अशी पेन्सिल. मत देऊन जाईल त्याच्या नावापुढे निळी खूण, आणि बोगस निघेल त्याच्या नावावर तांबडी रेघ. सकाळपासून दोन तांबड्या रेघा पडल्या होत्या, त्या तिला उभ्या जागेवरून दिसत होत्या.

"नाव?"

"जयवंता."

"नवऱ्याचं नाव?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सरळ नाव घेऊन नवऱ्याचं आयुष्य कमी करायला ती तयार नव्हती, म्हणून तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. खाली मान घालून, पण खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"कालव्याच्या पाण्यावर उसाला आलं तुरं,
दत्तोबांचं नाव घेते, सायेब, आता पुरं."

खिडकीबाहेरच्या लोकांनी हसून दाद दिली. साहेबांचाही चष्मा हलला. त्यांनी पेन्सिलीचं निळं टोक यादीवर टेकवलं, एवढ्यात रावजी खाकरला.

"हरकत हाय, सायेब."

"कसली हरकत?"

"यादीत जयवंता लिवलंय. ही बाई जयवंताच कशावरनं? माझा जलम वाडीत गेला. जयवंता नावाची बाई वाडीत हाय, असं मी तरी कवा ऐकलं न्हाय."

आणि गंमत अशी, की यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मी सांगते!" दारातून छबूबाई ओरडली. "ती जयवंताच हाय!"

"तू कोन ते आदी ठरू दे," रावजी म्हणाला. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं. ओळख सांगणाऱ्याने या ठिकाणी मत दिलेलं असलं पाहिजे, असं त्यात होतं. छबूबाईचं मत अजून व्हायचं होतं. साहेबांनी बाहेर निरोप धाडला आणि मत देऊन तंबाखू मळत बसलेला येसबा तात्या आत आला.

"या बाईंना ओळखता?"

"वळखतो की! लगीन हून आली तवापासनं वळखतो. लई गुनाची हाय."

"नाव काय यांचं?"

"गेणूची आई."

"ते मुलाचं नाव झालं. बाईंचं स्वतःचं?"

येसबा तात्याने मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं. "दत्तोबाची मंडळी," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पळसदेवची हाय. म्हंजे आमी पळसदेवकरीन म्हनायचो आदी." मग तो जयवंताकडे असा बघू लागला, जणू बाईकडे नाव असतं ही गोष्ट त्याला आजच कळली होती.

अप्पाला बोलावलं. तो तर घरातला. तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला.

"या कोण?"

"वयनी."

"नाव?"

"वयनीच की, सायेब." अप्पा रडकुंडीला आला. "नावाचं कवा कामच पडलं न्हाय."

बाहेर हसण्याची लाट आली, पण जयवंताला आता हसू येईना. साहेबांनी पेन्सिल उलटी केली होती. तांबडं टोक खाली आलं होतं. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माझी खात्री आहे हो. पण हरकत घेतली की पुरावा लागतो. ओळख पटली नाही तर नावावर रेघ मारावी लागेल मला."

रेघ. कालव्याच्या पायऱ्यांवर ओल्या बोटाने लिहिलेली नावं उन्हाने उडून जायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, पुन्हा लिहिता येत होती. हे उडालं की उडालं. आणि तिच्यामागे त्या तिघीही अशाच उभ्या राहणार, त्यांचंही हेच होणार. आपल्या घरातल्या-शेजारच्या माणसांना आपलं नाव माहीत नाही, याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. येसबाचा आला, अप्पाचा आला आणि खरं तर स्वतःचाही आला.

"दत्तोबाला बोलवा की," रावजी म्हणाला. तो खुर्चीत रेलून बसला होता. दत्तोबा त्याच्या पार्टीचा माणूस. शिवाय चारचौघांत बायकोचं नाव घेणारा पुरुष त्या भागात अजून जन्माला यायचा होता, हे रावजीला चांगलं माहीत होतं.

दत्तोबा आला. त्याच्या अंगाला गुळाचा वास येत होता. टेबलासमोर उभं राहून त्याने एकदा साहेबांकडे, एकदा खिडकीला लागलेल्या चेहऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"या कोण?"

"आमच्या घरातनं."

"नाव सांगा."

दत्तोबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "उखाना घ्या, दत्तोबा!" हशा पिकला. दत्तोबा डोक्यावरचं मुंडासं पुन्हा पुन्हा सारखं करू लागला.

"दमानं घे, दत्तोबा," रावजी गोड आवाजात म्हणाला. "घाई न्हाय. आनि जरा इच्यार बी कर. पुढल्या हंगामाला चुलवानापाशी कोन बसंल, ते बागायतदारच ठरवत्यात. बाई मत टाकंल ते कुनाला, ते तुला ठावं हाय."

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब रागावले. मग दत्तोबाला म्हणाले, "नाव घेतलंत तर बाई मत देतील. नाही घेतलंत तर मी त्यांचं नाव यादीतून काढतो. एवढंच आहे."

जयवंता नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या तोंडावर तिला तो भाव दिसला, जो काहील उतरवायच्या आधी दिसायचा. तेव्हा तो सगळ्यांना गप्प करायचा आणि कुणाचं म्हणून ऐकायचा नाही. हात जोडावेत, डोळ्यांनी काही सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण तिने ते केलं नाही. नाव तिचं होतं, त्यासाठी विनवणी कसली करायची? ती नुसती ताठ उभी राहिली.

"जयवंता," दत्तोबा म्हणाला.

तो कालव्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला होता, कारण हळू म्हणायचा सराव त्याला नव्हता. एकदा तोंडातून निघाल्यावर मग त्यालाही धीर आला.

"जयवंता. पळसदेवच्या हरीबाची लेक. माझी बायकू. यादीत लिवलीया ती हीच, दुसरी कुनी न्हाय. घ्या अंगठा." आणि रावजीकडे वळून तो म्हणाला, "रावजी, तिचं मत मला नकोच हाय. पर ते तिचं हाय. आनि गुळाचं म्हनशील तर तो माझ्या बोटाला कळतोय, तुझ्या न्हाय. बोलवत्याल न्हायतर दुसरं गुऱ्हाळ बगंन."

साहेबांनी पेन्सिल फिरवली. निळी खूण उमटली. दत्तोबाने शाई लावलेला अंगठा ओळखीच्या कागदावर गरजेपेक्षा जास्तच जोरात दाबला, आणि ते बघून जयवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस आपल्याला इतका आवडतो हे तिला माहीत होतं, पण आज तिला ते कुणालातरी सांगावंसं वाटलं. सांगायला जवळ रावजीच होता, म्हणून तिने ते मनात ठेवलं.

"आणि हे बघ," साहेब शिपायाला म्हणाले, "यादीत आहे तसं नाव पुकारायचं. अमक्याची बायको आणि तमक्याची आई हे चालणार नाही."

कोपऱ्यात सतरंजी टांगून आडोसा केला होता. जयवंता कागद घेऊन आत गेली. तिने दोन्ही नावं वाचली. घाई नव्हती म्हणून बागायतदारांचंही पूर्ण, पदवीसकट वाचलं. क्षणभर तिला वाटलं, नवऱ्याने आज एवढं केलं, तर… पण तो काय म्हणाला होता? ते तिचं आहे. मग तिने आपल्या मनातल्या नावापुढे खूण केली आणि कागदाची घडी पेटीत टाकली.

पुढची छबूबाई. रावजीने पुन्हा हरकत घेतली. पहिल्या फेरीत तोंडघशी पडला असला तरी मोकळं बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. छबूबाईचा नवरा भाजीची पाटी घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेलेला. रावजी म्हणाला, "आता हिचं नाव कोन सांगनार?"

"मी सांगते," जयवंता म्हणाली. ती दारातून गेलीच नव्हती.

"तू?"

"सायेब, मत दिलेल्या मानसानं सांगायचं, असंच हाय न्हवं पुस्तकात? मी आत्ताच दिलंय."

साहेबांनी पुस्तक उघडलं, बोट ठेवून ओळ वाचली, आणि चष्म्यावरून रावजीकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बाई मतदार आहेत. सांगा, बाई."

"ही छबूबाई. माझ्या शेजारची."

"अंगठा?"

"सही," जयवंता म्हणाली, आणि तिने टाक उचलला. मघाशी दत्तोबाच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता त्याच्याच खाली तिने सावकाश, एकेक अक्षर नीट सोडवून, आपलं नाव लिहिलं. ते वाळलं, पण उडालं नाही.

मग भामाबाई. तिचा नवरा रांगेत होता, पण हे सगळं बघून तो पाणी प्यायच्या निमित्ताने आडाकडे गेला होता, तो आलाच नाही. रावजी नुसता खाकरला. "ही भामाबाई," जयवंता म्हणाली, आणि दुसरी सही केली. भामाबाई आयुष्यात पहिल्यांदा रावजीकडे रोखून बघत आत गेली.

"आणखी किती राहिल्या?" साहेबांनी विचारलं. आता त्यांनाही यात मजा वाटू लागली होती.

"एक. सरुबाई. बाहेर ओट्यावर बसल्यात. पेन्शनीच्या सगळ्या कागदावर भिमाची आईच लिवत्यात, पर नाव सरुबाई. मी सही करते."

"तुम्हाला एवढी नावं कशी माहीत हो, बाई? गावाला तर माहीत नाहीत."

"आमी इच्यारली, सायेब," जयवंता म्हणाली.

रावजीने हरकत घेतली नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. साहेबांनी यादीत बोट ठेवलं आणि शिपायाला खूण केली. शिपाई दारात गेला आणि सकाळपासून ओरडून बसलेल्या आवाजात ओरडला, "सरुबाई!"

ओट्यावर म्हातारी बसली होती ती बसूनच राहिली. जयवंता लगबगीने तिच्याजवळ गेली. दत्तोबाही गाडीपासून चार पावलं पुढे आला. शिपाई म्हणाला, "म्हातारीला ऐकू येत नाही वाटतं."

"चला, आत्याबाई," जयवंता तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "तुमालाच बोलावत्यात."

"ऐकू आलंय की मला," म्हातारी म्हणाली. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. मग तिने शिपायाकडे मान वर केली. "लेकरा, यकदा आनखी म्हन. मंग येते."